पिशवीतल्या किती पेशी जिवंत? संसर्गानं निकामी झालेलं फुफ्फुस आणि स्टेम सेल

‘फुफ्फुसात पाणी झालंय’ हे एकच वाक्य आपल्याकडे तीन वेगवेगळ्या आजारांसाठी वापरलं जातं. फुफ्फुसाच्या बाहेर, आवरणात पाणी साचतं, टीबीमध्ये बऱ्याचदा. ते सुई घालून काढता येतं. हृदय कमजोर झालं की रक्त मागे तुंबून फुफ्फुसात पाणी उतरतं, ते लघवी वाढवणाऱ्या इंजेक्शननं बरंचसं ओसरतं. तिसरा प्रकार सगळ्यात वाईट. न्यूमोनिया, लेप्टो, स्क्रब टायफस, फॅल्सिपॅरम मलेरिया, स्वाइन फ्लू, कोविड किंवा पोटातल्या संसर्गातून झालेला सेप्सिस, कारण कुठलंही असो, वायुकोशांची भिंतच गळकी होते आणि रक्तातलं प्रथिनांनी भरलेलं पाणी आत झिरपतं. हे पाणी सुईनं काढता येत नाही आणि इंजेक्शननंही फारसं हटत नाही. याला एआरडीएस म्हणतात. १९६७ साली ‘लॅन्सेट’मध्ये १२ रुग्णांवरून त्याचं पहिलं वर्णन छापून आलं.

आयसीयूबाहेर बसलेल्या नातेवाइकांच्या मोबाइलवर हल्ली ‘स्टेम सेलनं फुफ्फुस नवं होतं’ असे संदेश येतात. या उपचारामागचं विज्ञान खरं आहे आणि त्यावर मन लावून काम झालेलं आहे. पण ‘नवं होतं’ हे खरं नाही. नेमकं काय होतं आणि काय होत नाही, ते नीट समजून घेतलेलं बरं.

आधी भिंतीकडे पाहू. वायुकोशाच्या आत दोन प्रकारच्या पेशी असतात. पहिल्या चपट्या, त्यांच्यातून ऑक्सिजन आरपार जातो. दुसऱ्या गोलसर, त्या सर्फॅक्टंट (कोश मिटू न देणारा साबणासारखा थर) बनवतात आणि सोडियम उपसून त्याच्यामागे पाणीही बाहेर ओढतात. पलीकडे केशवाहिनीचं अस्तर असतं. संसर्गात पांढऱ्या पेशी धावून येतात आणि जंतूंबरोबर भिंतही जाळतात. अस्तराचे सांधे सुटतात, पाणी आत येतं, सर्फॅक्टंट धुऊन जातं, कोश मिटतात. त्यात उपसा करणाऱ्या पेशीच मेलेल्या असल्या, तर आत आलेलं पाणी बाहेर काढायला कुणीच उरत नाही.

आजार किती गंभीर आहे, हे एका भागाकारानं ठरतं. धमनीतल्या रक्तात ऑक्सिजनचा दाब ६२ आहे आणि रुग्णाला ८० टक्के ऑक्सिजन चालू आहे असं धरा. ६२ भागिले ०.८ म्हणजे ७७.५. २०१२च्या बर्लिन व्याख्येनुसार किमान ५ सेंमी पाण्याइतका पीप (श्वास सोडून झाल्यावरही फुफ्फुसात टिकवलेला दाब) चालू असताना हा आकडा २०० ते ३०० असेल तर सौम्य, १०० ते २०० असेल तर मध्यम आणि १०० किंवा त्याखाली असेल तर तीव्र. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या ५० देशांतल्या ४५९ आयसीयूंच्या पाहणीत तीव्र गटातले सुमारे ४६ टक्के रुग्ण रुग्णालयातच दगावले होते. स्टेम सेलसारख्या नव्या उपायाचा शोध का चालू आहे, ते या आकड्यावरून कळतं.

पेशींकडे वळण्याआधी आज हमखास जीव वाचवणाऱ्या दोन गोष्टी सांगायलाच हव्यात, कारण कुठलाही पेशी-उपचार त्यांच्या वर बसतो, त्यांच्या जागी नाही. पहिली, व्हेंटिलेटरचा श्वास लहान ठेवणं. २०००च्या अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीत किलोमागे १२ मिलीऐवजी ६ मिलीचा श्वास दिल्यावर मृत्यू ३९.८ टक्क्यांवरून ३१ टक्क्यांवर आले. इथे किलो म्हणजे काट्यावरचं वजन नव्हे, उंचीवरून काढलेलं अपेक्षित वजन. पुरुषासाठी ५० अधिक ०.९१ गुणिले (उंची सेंमीमध्ये वजा १५२.४), बाईसाठी ५०च्या जागी ४५.५. म्हणजे १६५ सेंमी उंचीच्या पुरुषाचं वजन ६१.५ किलो आणि श्वास ३६९ मिली. तो माणूस काट्यावर ९० किलो भरला तरी श्वास ३६९ मिलीच, कारण चरबी वाढली म्हणून फुफ्फुस मोठं होत नाही. चूक होते ती इथेच. उंची अंदाजानं लिहिली जाते आणि ती बहुधा जास्तच लिहिली जाते. टेप घेऊन डोक्यापासून टाचेपर्यंत मोजायला दोन मिनिटं लागतात.

दुसरी, पालथं झोपवणं. २०१३च्या फ्रान्समधल्या चाचणीत सलग १६ तासांच्या आसपास पालथं ठेवलेल्या रुग्णांमध्ये २८ दिवसांतले मृत्यू १६ टक्के होते, उताण्या गटात ३२.८ टक्के. कुठलाही पेशी-उपचार अजून या फरकाच्या जवळपास पोहोचलेला नाही.

आता पेशींबद्दल. या आजारात वापरतात त्या पेशी गर्भातल्या नव्हेत. अस्थिमज्जा, चरबी किंवा बाळाच्या नाळेतला जेलीसारखा भाग यांतून काढलेल्या मेसेन्कायमल पेशी, बोलताना एमएससी. हे नाव १९९१मध्ये आर्नल्ड कॅप्लन यांनी रूढ केलं आणि पुढे २०१७मध्ये त्यांनीच ते बदलायला हवं असं लिहिलं. ‘स्टेम सेल’ म्हटलं की लोकांना वाटतं, ही पेशी जाऊन नवा अवयव बनणार. इथे तसं काही होत नाही.

शिरेतून दिलेली एमएससी साधारण १५ ते ३० मायक्रॉनची असते. फुफ्फुसातली केशवाहिनी ५ ते १० मायक्रॉनची. म्हणून बहुतेक पेशी पहिल्याच फेरीत फुफ्फुसात अडकतात. मेंदू किंवा गुडघ्यासाठी शिरेतून पेशी द्यायच्या असतील तर ही मोठी अडचण ठरते, फुफ्फुसासाठी मात्र तीच सोय होते. पण त्या तिथे घर करत नाहीत. एक-दोन दिवसांत बहुतेक नाहीशा होतात. जे काही करायचं ते तेवढ्या वेळात करतात.

काय करतात, हे प्रयोगशाळेत बरंच उलगडलेलं आहे. केजीएफ नावाचं प्रथिन सोडतात, त्यामुळे दुसऱ्या प्रकारच्या पेशींचा सोडियमचा पंप पुन्हा चालू होतो. अँजिओपोएटिन-१ सोडतात, त्यानं वाहिन्यांच्या अस्तराचे सांधे घट्ट होतात. प्रोस्टाग्लँडिन ई२ सोडून मॅक्रोफेजना (जंतू गिळणाऱ्या पांढऱ्या पेशींना) शांत करतात आणि ते मॅक्रोफेज मग दाह शमवणारं आयएल-१० बनवायला लागतात. संसर्गाच्या दृष्टीनं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते एलएल-३७, जंतू मारणारं छोटं प्रथिन. २०१०मध्ये मानवी एमएससी ते सोडतात आणि ई. कोलायची वाढ रोखतात हे दाखवलं गेलं. नुसती दाह दाबणारी औषधं संसर्गात धोक्याची ठरू शकतात, कारण जंतूंना रान मोकळं मिळतं. एकीकडे दाह कमी आणि दुसरीकडे जंतूही कमी, ही जोडी दुर्मिळ आहे. २०१२मध्ये आणखी एक गोष्ट दिसली: उंदरांच्या फुफ्फुसात या पेशींनी जखमी पेशीला चिकटून आपले मायटोकॉन्ड्रिया (पेशीतली ऊर्जाकेंद्रं) तिला दिले आणि तिची ऊर्जा वाढली.

यातलं जवळजवळ सगळं जिवंत पेशीलाच जमतं. मेलेली पेशी पंप चालू करणारं प्रथिन बनवत नाही आणि मायटोकॉन्ड्रियाही देत नाही. माणसांवरच्या चाचण्यांचं कोडं बऱ्याच अंशी इथे येऊन अडतं.

रुग्णाला द्यायची पेशींची पिशवी कशी तयार होते ते पाहू. एआरडीएसच्या रुग्णाच्या स्वतःच्या पेशी वाढवायला तीन-चार आठवडे लागतील आणि तेवढा वेळ कुणाकडेच नसतो. म्हणून पेशी दुसऱ्या निरोगी दात्याच्या, आधीच वाढवून गोठवलेल्या. या पेशींवर एचएलए-डीआर (शरीराला परकी पेशी ओळखू देणारी खूण) जवळजवळ नसतं, त्यामुळे रक्तगटासारखी जुळणी करत बसावं लागत नाही. नाळ सिझेरियनच्या वेळी संमतीनं घेतात, वाहिन्या काढून टाकतात, जेलीचे बारीक तुकडे करून प्लास्टिकच्या फ्लास्कमध्ये ठेवतात. ३७ अंश, ५ टक्के कार्बन डायऑक्साइड, पोषक द्रवात गाईच्या गर्भाचं सीरम किंवा मानवी प्लेटलेट फोडून काढलेला अर्क (लायसेट). तळाला चिकटतात त्या ठेवायच्या, तरंगणाऱ्या टाकून द्यायच्या. तळ ७० ते ८० टक्के भरला की ट्रिप्सिन या विकरानं सोडवून दर चौरस सेंटिमीटरला काही हजार याप्रमाणे पुन्हा पेरायच्या. प्रत्येक पेरणीला पॅसेज म्हणतात. साधारण तिसऱ्या ते पाचव्या पॅसेजला थांबतात. त्यापुढे संख्या वाढवण्याचा मोह होतो, कारण एका नाळेतून जास्त पिशव्या निघतात. पण पेशी म्हाताऱ्या होतात, पसरट दिसायला लागतात आणि कामाला कमी पडतात.

ओळख पटवण्याचे निकष २००६मध्ये ठरले: प्लास्टिकला चिकटायला हवी, सीडी७३, सीडी९० आणि सीडी१०५ (पेशीच्या पृष्ठभागावरच्या खुणा) किमान ९५ टक्के पेशींवर हवेत, सीडी३४, सीडी४५, एचएलए-डीआर वगैरे २ टक्क्यांपेक्षा जास्त पेशींवर नकोत, आणि प्रयोगशाळेत हाड, चरबी आणि कूर्चा अशा तिन्ही दिशांना वळता यायला हवं. नीट पाहिलं तर या निकषांत फुफ्फुसाशी संबंधित एकही गोष्ट नाही. पेशी कोण आहे हे त्यांवरून कळतं, ती दाह किती कमी करेल हे कळत नाही. ती ताकद मोजायची वेगळी चाचणी लागते आणि सगळीकडे मान्य अशी एकच चाचणी अजून ठरलेली नाही.

गोठवताना १० टक्क्यांपर्यंत डीएमएसओ (बर्फापासून पेशी वाचवणारं रसायन) आणि मानवी अल्ब्युमिन घालतात. तापमान मिनिटाला १ अंश या गतीनं खाली नेतात आणि मग द्रवरूप नायट्रोजनच्या वाफेत ठेवतात. गोठवण्याचा एक मोठा फायदा आहे. जंतुविरहित असल्याची पक्की चाचणी १४ दिवस चालते. पिशवी गोठलेली असेल तर तो निकाल हातात आल्यावरच रुग्णाला देता येते.

आणि मग येतो वितळवण्याचा टप्पा. खरी गडबड होते ती इथे. दुहेरी पिशवीत घालून ३७ अंशांच्या पाण्यात धरायची, कारण पाण्याच्या टबात जंतू असतात आणि पिशवीची तोंडं बुडता कामा नयेत. बर्फाचा लहानसा खडा शिल्लक असतानाच बाहेर काढायची. पूर्ण गरम होईपर्यंत ठेवली तर कोमट डीएमएसओ पेशींना मारतो. मग पातळ करायची, तेही सावकाश. डीएमएसओ शोषलेल्या पेशीवर एकदम सलाईन ओतलं की पाणी आत घुसून पेशी फुगते आणि फुटते. काही ठिकाणी सेंट्रिफ्यूज करून डीएमएसओ धुऊन काढतात, कारण त्यानं मळमळ होते, रक्तदाब पडू शकतो. पण धुताना पेशी वाया जातात आणि तळाशी दाबलेला गोळा जोरानं ढवळला तर उरलेल्याही मरतात. मेलेल्या पेशींचा डीएनए चिकट असतो, त्यानं गुठळ्या धरतात.

रुग्णाजवळ साधारण १०० मिलीची पिशवी येते. रक्त देण्याचा साधा जाळीचा सेट चालतो. पांढऱ्या पेशी गाळणारा फिल्टर लावला तर सगळा उपचार त्या फिल्टरमध्येच अडकून राहतो. सेंट्रल लाइनचा (मोठ्या शिरेत घातलेल्या नळीचा) स्वतंत्र मार्ग, त्यातून दुसरं औषध नको. तासाभरात किंवा थोड्या जास्त वेळात देतात आणि दर दहा-पंधरा मिनिटांनी पिशवी हलक्या हातानं उलटी-सुलटी करतात, कारण पेशी खाली बसतात. तसं केलं नाही तर बऱ्याच पेशी एकदम जातात. पुढचे काही तास ऑक्सिजन, रक्तदाब आणि रक्तदाबाच्या औषधांचा डोस यांवर नजर ठेवायची.

आता स्टार्ट नावाची चाचणी समोर ठेवा. अमेरिकेतल्या विद्यापीठ रुग्णालयांत ६० रुग्ण, ४० जणांना अस्थिमज्जेच्या पेशी, २० जणांना नुसता द्रव. डोस अपेक्षित वजनाच्या किलोमागे १ कोटी पेशी. निकाल २०१९मध्ये आला. पेशी दिल्यामुळे झाले असं म्हणता येईल असे गंभीर त्रास दिसले नाहीत. पण २८ दिवसांतले मृत्यू पेशींच्या गटात ३० टक्के आणि दुसऱ्या गटात १५ टक्के होते. हे वाचून कुणीही दचकेल. पेशींच्या गटातले रुग्ण मुळातच जास्त आजारी होते आणि ते लक्षात घेऊन गणित केल्यावर फरक सांख्यिकीदृष्ट्या ठोस राहिला नाही. मात्र वितळवल्यानंतर जिवंत पेशींचं प्रमाण ३६ ते ८५ टक्के इतकं खालीवर झालं होतं. आपल्या १६५ सेंमीच्या माणसाचा हिशेब करा. डोस ६१.५ कोटी. ८५ टक्के जिवंत असतील तर ५२.३ कोटी मिळाल्या, ३६ टक्के असतील तर २२.१ कोटी, आणि वर ३९ कोटींहून जास्त मेलेल्या पेशी शिरेतून गेल्या. कागदावर दोघांचाही डोस सारखाच.

हा आकडाही पूर्ण सत्य सांगतो असं नाही. ट्रायपॅन ब्लूसारख्या रंगानं तपासताना फक्त पडदा फाटलेली पेशी निळी दिसते. गोठण्याच्या धक्क्यानं आतून खचलेली पण पडदा शाबूत असलेली पेशी त्या क्षणी ‘जिवंत’ मोजली जाते आणि काही तासांत मरते. म्हणून वितळवल्यावर लगेच आणि पुन्हा २४ तास वाढवून, अशा दोन्ही वेळी मोजणी करायला हवी असं मी ठामपणे म्हणेन.

कोविडच्या काळात चाचण्यांची रांग लागली. मायामीत २४ रुग्णांवर नाळेच्या पेशी वापरल्या, प्रत्येकी सुमारे १० कोटींचे दोन डोस, आणि जगण्याचं प्रमाण ९१ विरुद्ध ४२ टक्के आलं. हाच आकडा सगळीकडे फिरला. पण एका गटात अवघे १२ जण होते. दोघा-तिघांचं इकडचं तिकडे झालं तरी टक्के बदलतात. मोठ्या किंवा काटेकोर चाचण्यांत तो परिणाम टिकला नाही. फ्रान्समध्ये ४५ रुग्णांना किलोमागे १० लाख पेशींचे तीन डोस किंवा नुसता द्रव दिला, ऑक्सिजनच्या प्रमाणात सातव्या दिवशी फरक नव्हता. बेलफास्टच्या चमूनं ६० रुग्णांच्या चाचणीत ४० कोटी पेशींचा एक डोस वापरला, २०२३मध्ये निकाल आला: सुरक्षित, पण सातव्या दिवशी ऑक्सिजनच्या मापात सुधारणा नाही. रेमेस्टेमसेल या अस्थिमज्जेच्या उत्पादनाची ३०० रुग्णांची चाचणी डिसेंबर २०२०मध्ये २२२ रुग्णांवर थांबवली, कारण मृत्यू कमी झाल्याचं दिसण्याची शक्यता उरली नव्हती. त्याच उत्पादनाला डिसेंबर २०२४मध्ये अमेरिकेत मंजुरी मिळाली, पण ती मुलांमधल्या एका वेगळ्या आजारासाठी: अस्थिमज्जा रोपणानंतर स्टेरॉइडला दाद न देणाऱ्या जीव्हीएचडीसाठी (यात दात्याच्या पेशी रुग्णाच्या शरीरावर हल्ला करतात). फुफ्फुसासाठी नव्हे.

उंदरांत चालतं ते माणसांत का अडतं? वेळ हे एक कारण. २००७च्या गाजलेल्या प्रयोगात उंदराला जखम झाल्यावर ४ तासांनी पेशी दिल्या होत्या. माणूस तापानं फणफणून, गावातल्या डॉक्टरकडून तालुक्याला आणि तिथून शहरातल्या आयसीयूत पोहोचतो तेव्हा अनेक दिवस उलटलेले असतात, आणि चाचणीत घेण्याची मुदत एआरडीएस ठरल्यानंतर ९६ तासांपर्यंत असू शकते. दुसरं, उंदरांची जखम एकसारखी असते. लेप्टोत फुफ्फुसात रक्तस्राव होतो, न्यूमोनियात पू, सेप्सिसमध्ये वाहिन्यांचं अस्तर आधी जातं. या सगळ्यांवर एकच शिक्का मारला की ज्यांना फायदा झाला असता ते सरासरीत बुडतात. २०१४पासून रक्तातल्या खुणांवरून एआरडीएसचे जास्त दाहाचा आणि कमी दाहाचा असे दोन गट पाडता येतात. दाह शांत करणारी पेशी कमी दाहाच्या रुग्णाला देऊन काय हाती लागणार? आणि कोविडच्या चाचण्यांत बहुतेकांना डेक्सामेथासोन हे दाह कमी करणारं स्टेरॉइड आधीच चालू होतं, तेव्हा पेशींना वेगळं काही करून दाखवायला जागाच थोडी होती.

धोका अगदी नाही असंही नाही. या पेशींच्या पृष्ठभागावर टिश्यू फॅक्टर असतो, तो रक्त गोठवतो. नाळेच्या आणि चरबीच्या पेशींवर तो अस्थिमज्जेच्या पेशींपेक्षा जास्त. एआरडीएसमध्ये फुफ्फुसाच्या बारीक वाहिन्यांत आधीच गुठळ्या असतात. त्यामुळे डोस, देण्याचा वेग आणि हेपॅरिन (रक्त गोठू न देणारं औषध) यांचा विचार एकत्रच करावा लागतो.

पेशींऐवजी त्यांनी सोडलेले सूक्ष्म कण, म्हणजे एक्सोसोम, द्यायची कल्पना इथूनच आली. आकार नॅनोमीटरमध्ये, केशवाहिनीत अडकत नाहीत आणि पेशीसारखे मरण्याचा प्रश्न नाही. कल्पना चांगली आहे, चाचण्याही चालू आहेत. पण डिसेंबर २०१९मध्ये अमेरिकेच्या औषध नियामक एफडीएला, नेब्रास्कात मंजुरी नसलेली एक्सोसोम उत्पादनं घेतलेल्या रुग्णांना गंभीर त्रास झाल्यावर, जाहीर इशारा द्यावा लागला होता. कुपीवर एक्सोसोम लिहिलेलं असणं म्हणजे आत ते असणं नव्हे.

भारतात नियम स्पष्ट आहेत. आयसीएमआर आणि जैवतंत्रज्ञान विभागाच्या २०१७च्या मार्गदर्शक सूचनांनुसार, रक्ताच्या आजारांसाठीचं मान्य अस्थिमज्जा रोपण आणि मंजूर उत्पादनं सोडली तर स्टेम सेलचा प्रत्येक वापर फक्त परवानगी घेतलेल्या चाचणीतच करता येतो. २०१९च्या नव्या औषधांच्या नियमांत स्टेम सेलपासून बनवलेलं उत्पादन ‘नवं औषध’ धरलेलं आहे. बंगळुरूच्या एका कंपनीच्या एमएससी उत्पादनाला इथे परवानगी मिळालेली आहे, पण पायाच्या रक्तपुरवठ्याच्या आणि गुडघ्याच्या आजारांसाठी. एआरडीएससाठी नाही.

म्हणून आयसीयूबाहेर कुणी पेशींबद्दल बोलायला आलं, तर सीटीआरआयचा (भारतातल्या चाचण्यांच्या सरकारी नोंदवहीचा) नोंदणी क्रमांक मागा आणि तिथेच मोबाइलवर तपासा. चाचणी असेल तर पेशींचे पैसे रुग्णाकडून घ्यायचे नसतात. लाखांचा आकडा सांगितला जात असेल तर ती चाचणी नाही. आमच्या माणसाला नुसता द्रव मिळण्याची शक्यता किती, हे विचारा. श्वास किती मिलीचा चालू आहे, उंची टेपनं मोजली का, रोज किती तास पालथं ठेवताय, हेही त्याच बैठकीत विचारा. आणि पेशी गोठून येणार असतील तर त्या कुठे वितळवणार, वितळवल्यावर जिवंत किती हे कोण मोजणार, किती वाजता मोजणार, आणि तो आकडा ७० टक्क्यांखाली आला तर पिशवी लावणार की परत पाठवणार, हे लेखी घ्या.